पुण्याच्या पेठांची पायी फेरी: शनिवारवाड्यापासून नको, मंडईपासून सुरू करा

पुणे बघायला आलेला माणूस पहिल्यांदा शनिवारवाड्यावर जातो, दिल्ली दरवाजासमोर फोटो काढतो, आत जाऊन जोती आणि हिरवळ बघतो आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन विचारतो, "वाडा कुठंय?" प्रश्न रास्त आहे. वाडा 1828 च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत गेला. उरला तो तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. लाकूड कसे होते, चौक कसे होते, माणसे कुठे बसत होती, यातले काही तिथे उभे नाही. म्हणून पेठांच्या फेरीबद्दल पहिला सल्ला: शनिवारवाडा आरंभाला ठेवू नका, शेवटाकडे ठेवा. मंडईतून निघा, तुळशीबाग, विश्रामबाग, बेलबाग करत शनिवारवाड्याला या आणि कसब्यात तांबट आळीत थांबा. काळाच्या हिशेबाने ही फेरी साधारण उलटी आहे. 1886 च्या इमारतीतून निघून तुम्ही गावाच्या मूळ वस्तीत पोचता, आणि शनिवारवाड्याच्या जोत्यावर उभे राहता तेव्हा वर काय असेल याचा अंदाज डोक्यात आधीच तयार असतो.

सोयीचीही हीच दिशा. मंडई आणि कसबा पेठ ही दोन्ही भुयारी मेट्रो स्थानके एकाच मार्गावर लागोपाठची आहेत. 29 सप्टेंबर 2024 ला हा टप्पा सुरू झाल्यापासून गाडी कुठे लावायची हा पेठेतला सनातन प्रश्न या फेरीपुरता तरी मिटला. एका स्थानकावर उतरायचे, पुढच्या स्थानकावर चढायचे. सरळ चालले तर अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, वळणे आणि बोळ धरून अडीच-तीन. वेळ मात्र साडेतीन तास धरा. गाडी आणायचीच असेल तर मंडईजवळ महापालिकेचे आर्यन आणि मिनर्व्हा हे वाहनतळ आहेत. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे जागा मिळेल या भरवशावर राहू नये.

सकाळी आठला मंडईत पोचा. त्याआधी आलात तर भाजी उतरवणाऱ्या हमालांच्या वाटेत याल आणि त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे लागेल. नऊनंतर आलात तर मनोऱ्याकडे मान वर करून बघायला गर्दी उसंत देत नाही. ही इमारत 5 ऑक्टोबर 1886 ला 'रे मार्केट' म्हणून उघडली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव. बांधणारे वासुदेव बापूजी कानिटकर. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याला जोडून लांबट दालने, वर कौलारू छप्पर. आत शिरल्यावर भाजीकडे बघण्याआधी वर बघा. उंची एवढी कशासाठी, हे उन्हाळ्यात दुपारी कळते. गरम हवा वर निघून जाते आणि खाली पालेभाजी टिकते. गाळ्यांचे उंच ओटे ही दुसरी खुबी. विकणारा मांडी घालून बसतो, घेणारा उभा असतो आणि दोघांची नजर एका पातळीत येते. जोतीराव फुले नगरपालिकेत सभासद असताना त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लागावा असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले ते महात्मा फुले मंडई. याला पुणेरी न्याय म्हणायचे की काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

मंडईला वीस मिनिटे पुरतात.

तुळशीबागेत लोक कानातले आणि कुर्ते घ्यायला जातात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आत राममंदिर आहे हे ठाऊकच नसते. नारो आप्पाजी खिरे यांनी 1761 मध्ये काम सुरू केले आणि ते 1795 पर्यंत चालले. म्हणजे पानिपतच्या वर्षी पाया आणि सवाई माधवराव गेले त्या वर्षी काम पुरे. पानिपतनंतरची चौतीस वर्षे या एका बांधकामाच्या मुदतीत बसतात. शिखर उंच आहे, पण गल्लीतून दिसत नाही. ताडपत्र्या आणि टांगलेल्या ओढण्या आड येतात. अंगणात आल्यावर मंदिराकडे पाठ करून प्रवेशदाराच्या बाजूला जा आणि तिथून मागे वळून बघा. शिखरावरच्या कोनाड्यांतल्या मूर्ती तिथून नीट दिसतात. सकाळी दुकाने उघडण्याआधी, म्हणजे दहाच्या आत, अंगण शांत असते. अकरानंतर हाच भाग पार करायला तिप्पट वेळ लागतो.

इथे एक खरेदी करण्यासारखी: पितळी भातुकली. घेताना दोन गोष्टी बघा. तुकडा हातात घेऊन वजन जोखा. पातळ पत्र्याची भांडी मुलांच्या हातात आठवड्यात चेपतात. आणि जात्याची खालची पाळ, चुलीचे पाय, बंबाची तोटी असे जोडलेले भाग हलवून बघा. डाख, म्हणजे सांध्याचा जोड, नीट बसला नसेल तर तिथेच डुगडुगते. मोजून घ्या. संच बांधून देताना सांडशी किंवा झारा राहून जातो आणि तो नंतर वेगळा मिळणे कठीण असते.

तुळशीबागेच्या बोळातून बाजीराव रस्त्यावर या की समोरच विश्रामबागवाडा. या फेरीतले सगळ्यात मोलाचे ठिकाण हेच, म्हणून इथे पाऊण तास द्या. दुसऱ्या बाजीरावाने हा राहण्यासाठी बांधला. 1807 हे साल आणि दोन लाख रुपये खर्च असा हिशेब सांगतात. पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा निघाली. 1879 च्या मे महिन्यात पुण्यात ज्या आगी लावल्या गेल्या त्यात बुधवारवाडा पुरता गेला आणि विश्रामबागेचा काही भाग जळाला. लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या पैशातून तो पुन्हा उभा केला. नंतर कितीतरी वर्षे नगरपालिकेचे कार्यालयही इथेच होते. एका वाड्याने सरदारी, पाठशाळा आणि कारकुनी सगळे बघितले म्हणायचे.

आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दर्शनी भाग बघा. वरच्या मजल्याचे लाकडी खांब खाली जाड, वर निमुळते होत जाणारे दिसतील, अगदी सुरूच्या झाडासारखे. यांनाच सुरुदार खांब म्हणतात. दोन खांबांच्या मधली कमान महिरपी, आणि कमानीच्या कोपऱ्यांतून केळफुले खाली लोंबलेली. केळफुलाच्या पाकळ्या एकेक मोजता येतील इतक्या सुट्या कोरल्या आहेत. नव्या वाडा-शैलीच्या हॉटेलांत हेच केळफूल साच्यातून काढलेले असते. फरक ओळखायचा तर दोन केळफुले शेजारी ठेवून बघा. हाताने कोरलेल्यांत टोकांचा कल सारखा नसतो, साच्यातली जुळ्यांसारखी असतात.

आत गेल्यावर खांब वरून खाली बघत या. तळाशी दगडी तळखडा असतो आणि लाकडी खांब त्याच्यावर उभा असतो, जमिनीत पुरलेला नसतो. जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून ही योजना. पुण्यातले वाडे का पडतात याचे अर्धे उत्तर या तळखड्यात आहे. रस्ता दर वेळी खरवडण्याऐवजी डांबराचा नवा थर चढतो. पन्नास-साठ वर्षांत रस्ता ओट्याच्या बरोबरीला येतो, मग पावसाचे पाणी ओसरीत शिरते. तळखडा गाळात आणि फरशीत बुजतो आणि लाकूड ओलीत उभे राहते. वाळवी लागते ती तिथून. पुढे घरमालक चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा मारतो. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही; भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा न मिळून तुळईच्या टोकाकडे सरकते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजते आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. वाडा पडल्यावर बातमीत येते "मुसळधार पावसाने". पाऊस हे निमित्त असते, कुजणे वीस वर्षे चाललेले असते. पेठेतून चालताना जुन्या वाड्यांच्या दिंडीपाशी, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारापाशी, पायऱ्या मोजत चला: वर चढायच्या किती, की आता एक पायरी खाली उतरून आत जावे लागते? खाली उतरावे लागत असेल तर त्या वाड्याचे दिवस भरत आले समजा.

छतात कडीपाट बघा: कड्या म्हणजे आडवे वासे, त्यांवर फळ्यांचे पाट, वर मातीचा थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि वाड्याची मोजणी खणांत होते. जुन्या कागदात "चार खणी सोपा" असे आले की ओसरीची लांबी समजते. वाडा बघताना हा एक शब्द पक्का केलात तर पुढे शनिवारवाड्यात फार उपयोग होतो.

इथली अडचण एकच. आतली दालने आणि शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असते, आणि उघडते ते कार्यालयीन वेळेच्या सुमारास. बंद मिळाले तर हिरमुसू नका; दर्शनी भाग आणि पहिला चौक मिळाला तरी आठ आणे काम होते. प्रदर्शनातले फलक वाचण्यापेक्षा वेळ लाकडाला द्यावा असे माझे मत. फलकांवरचा मजकूर पुस्तकात मिळेल, केळफूल नाही.

लक्ष्मी रस्त्यावरून पूर्वेला बेलबाग चौकात या. नाना फडणीसांनी बांधलेले बेलबागेतले लक्ष्मीनारायणाचे देऊळ 1760 च्या दशकातले, आणि चौकातल्या दुकानांच्या मागे इतके दडलेले की रोज तिथून जाणाऱ्यालाही दार सापडत नाही. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी लाखो लोक या चौकाचे नाव घेतात, बागेत मात्र जातात थोडे. दहा मिनिटे. आवाज अचानक कमी होतो, हीच इथली मोठी गंमत.

तिथून शिवाजी रस्त्याने उत्तरेला. दगडूशेठ गणपतीची रांग लांब असेल तर रस्त्यावरूनही मूर्ती दिसते, रांगेत वेळ घालवू नका. समोरच्या बाजूला भिडेवाड्याची जागा आहे. फुले दांपत्याने 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. जुना वाडा बघायला म्हणून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून जावे. चालता चालता जुनी नावेही घोळवता येतील: बुधवार म्हणजे एके काळचे मोहियाबाद, शुक्रवार म्हणजे विसापूर, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर. वारांची नावे नंतरची, पेशवाईतली.

आता शनिवारवाडा. तोवर दहा वाजून गेलेले असतात आणि दरवाजा उघडलेला असतो. पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढताना रांग टाळायची तर बाहेरच्या फलकावरचा क्यूआर कोड वापरा, रोखीपेक्षा पाच रुपये कमी पडतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

पायाभरणी 10 जानेवारी 1730, वास्तुशांत 22 जानेवारी 1732, दोन्ही शनिवार. खर्च 16,110 रुपये असा आकडा नोंदलेला आहे. विश्रामबागेचे दोन लाख आठवा: पहिला बाजीराव आणि दुसरा बाजीराव यांतला फरक समजायला एवढी दोन बांधकामे पुरे. अर्थात 1732 नंतर इथे पेशव्यांच्या पिढ्यांनी भर घालतच नेली, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण बोलकी आहे.

दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्याच्या फळ्यांवरचे खिळे फोटोत शोभेचे दिसतात. जवळ जाऊन बघा, ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर येतात. हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले. फळीतच एक लहान दिंडी आहे, माणसाला वाकून जावे लागेल एवढी. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही. आधी उजवीकडे, मग डावीकडे वळते. वेगाने घुसलेल्या सैन्याचा जोर तिथे मोडतो आणि वरून मारा करता येतो. गर्दी सरळ पुढे जाते. तुम्ही दरवाजाच्या आतल्या भिंतीपाशी थांबा. तिथे भिंतीवर पुसट रंगांत शेषशायी विष्णू आणि गणपती आहेत. डोळे अंधाराला सरावायला अर्धा मिनिट द्या, मग रेषा उमटू लागतात. मोबाइलचा फ्लॅश मारू नका. रंगाला तो चांगला नाही, आणि फोटोत चित्राऐवजी चकाकी येते.

नगारखान्याच्या मजल्यावर जिना चढून जा. विश्रामबागेत बघितलेले लाकूड इथे आणखी एकदा भेटते. आगीतून वाचलेले हेच. मग तटावरून फेरी मारा आणि खालची जोती वरून बघा. आता खण मोजायची सवय झालेली असते, त्यामुळे दगडांच्या ओळींतून चौक उभे राहू लागतात. हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे. त्याला पाणी कुठून येई, हे इथे बहुतेक गाईड सांगत नाहीत. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळ शहरात आणला, सुमारे आठ किलोमीटर. पंप नव्हता. कात्रज उंचावर, वाडा खाली, त्या उतारावर सगळा खेळ. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर सोडणारे आणि गाळ काढायला उतरता येईल असे बांधीव मनोरे. हवा नळात अडकली की पाण्याची धार तुटते. उच्छ्वास नसते तर कारंजे फुसफुसले असते, उडाले नसते. शहरातले हौद याच नळावर भरत. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे आता चौकांना आणि बसथांब्यांना आहेत, पाणी नाही.

गाईड घ्यायचा का? घ्या, पण आधी दोन प्रश्न विचारा: "दरवाजातून आत गेल्यावर वाट का वळते?" आणि "पाणी कुठून येत होतं?" उत्तर आले तर पैसे वसूल. "पौर्णिमेच्या रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं" इथूनच सुरुवात झाली तर नमस्कार करून पुढे व्हा. नारायणरावाचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला, एवढे पुरेसे भयंकर आहे. भुताची गरज नाही. गटाने निघणाऱ्या हेरिटेज वॉकमध्ये वीसपेक्षा जास्त माणसे असतील तर पैसे देऊ नका. बोळात शेवटच्या पाच जणांना काही ऐकू येत नाही आणि वाहतूक त्यांना थांबू देत नाही.

लाल महाल शेजारीच. आजची इमारत 1980 च्या दशकात महापालिकेने बांधलेली आहे. शाहिस्तेखानाची बोटे तुटली तो महाल हा नव्हे, हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे खिडकी शोधत बसणार नाहीत. तिथून पाच मिनिटांवर कसबा गणपती, गावाचे ग्रामदैवत. सभामंडपाचे लाकूड बघा आणि पुढे चला.

शेवट तांबट आळीत. इथे पत्ता विचारायची गरज नाही, ठोके ऐकू येतात. तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या त्या लहान, चकचकीत खळग्यांच्या ओळींना मठारकाम म्हणतात. मठार शोभेसाठी असतोच, पण मुळात तो ताकदीसाठी. तांबे तापवून विझवले की मऊ पडते, थंड असताना ठोकले की कडक होते. कारागीर लोखंडी खुंटावर भांडे उपडे धरतो, एका हाताने फिरवत राहतो आणि दुसऱ्या हाताने हातोडीचा ठोका त्याच जागी पडू देतो. हात फिरतो तो भांड्याचा, हातोडी जागची हलत नाही. ओळ सरळ येते ती त्यामुळे. हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले असते. त्यावर एक चरा पडला तर तो चरा प्रत्येक ठोक्यात भांड्यावर उमटतो.

हंडा, पातेले, गडू, घंगाळ काहीही घ्या, भाव वजनावर आणि वर मजुरी. हाताचा मठार ओळखायचा तर भांडे तिरपे धरून उजेडात बघा. खळगे जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नसतात. आतून बोट फिरवले तर प्रत्येक खळग्याचा पुसट उंचवटा लागतो. यंत्राच्या मठारात खळगे एकाच मापाचे येतात आणि भांड्याच्या मापाच्या मानाने ते हलके लागते. फार चकाकणारे भांडे असेल तर त्यावर लाखेसारखा पारदर्शक लेप आहे का ते चिंचेच्या कोळाने तपासा. नुसते तांबे लगेच गुलाबी होते, लेप असेल तर काही होत नाही. पाण्याच्या भांड्यावर तो लेप नको.

स्वयंपाकासाठी घेत असाल तर आतून कल्हई करूनच घ्या. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो उघड्या तांब्यात कळकतात. कल्हई कथलाची असते आणि कथील 232 अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवायचे नाही. तळाशी कल्हई गोळा होऊन तांबे उघडे पडते. घरी तारेच्या घासणीने घासले तरी तीच गत. तांबूस डाग दिसू लागले की पुन्हा कल्हई.

सोमवारी लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकाने बंद असतात. रहदारी कमी, चालायला बरे, पण तुळशीबागेतली खरेदी हुकेल. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत ही फेरी करू नका. तेव्हा बघायचे ते वेगळे असते. पावसाळ्यात विश्रामबाग सगळ्यात छान दिसतो आणि शनिवारवाड्याच्या तटावरच्या पायऱ्या सगळ्यात निसरड्या असतात. देवळे तीन आहेत, तेव्हा नाड्यांचे बूट घालून येऊ नका. आणि तांबट आळीत एकच्या आधी पोचा. एक ते चार पेठेत काय होते ते पुणेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांना कुलपावरून कळेल.